पेट्रोल जनरेटरची टाकी, फिल्टर, पाइप डिझेल इंजिनाला चालेल का?

कुळागरवाला | सावई-वेरे

मंडळी, शिमगा झाला, ओढ्याचं पाणी खाली गेलं आणि नेमकी आत्ताच आमच्या शिंपणाच्या इंजिनाची टाकी तळाशी गंजून गळायला लागली. इंजिन डिझेलचं, एका सिलिंडरचं, पाच एचपी, वडिलांच्या वेळचं. कॉम्प्रेशन अजून असं की हँडल मारणाऱ्याचा खांदा दुखतो. बाकी काही तक्रार नाही.

मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, एक पेट्रोल जनरेटर पडून आहे. त्याचं वाइंडिंग जळलंय, पण टाकी, कॉक, छोटा फिल्टर आणि रबरी पाइप चांगले आहेत. आमचा फिटर म्हणतो, "काढूया आणि बसवूया, दोन्ही तेलंच." भाच्याने तर पुढची उडी मारली. इंजिनाचा जुना डिझेल फिल्टर धुऊन तो आपल्या पेट्रोल जीपला लावणार आहे, का तर "तो जास्त बारीक गाळतो."

पोफळींना पाणी चार दिवसांत द्यायलाच हवं. यातलं काय चालतं, काय नाही?


अर्धवट_मेकॅनिक | म्हापसा

बिनधास्त बसवा हो. टाकी म्हणजे डबा, पाइप म्हणजे नळी. तेलाला काय कळतंय आपण कुठल्या डब्यात आहोत ते. आमच्या शेजाऱ्याचं इंजिन प्लास्टिकच्या कॅनमधून चालतं. फिल्टरही चालेल, फक्त आधी फुंकून बघा, हवा पार गेली की झालं.


नोझल_मास्तर | फोंडा

फुंकून फिल्टर तपासणारे आहेत म्हणून तर माझा टेस्टिंग बेंच कधी रिकामा नसतो.

कुळागरवाला बाब, तुमच्या इंजिनात डिझेलची वाट दोन तुकड्यांची आहे. टाकीपासून एफआयपीच्या, म्हणजे डिझेल दाबाने पुढे ढकलणाऱ्या पंपाच्या, तोंडापर्यंत डिझेल नुसतं उंचीवरून उतरतं. टाकी अर्धा मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.०४ बार. एफआयपीच्या पुढे तेच डिझेल २०० बारच्या आसपास नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये फवारणारं तोंड, उघडतं. पाच हजार पट. पहिल्या तुकड्यातल्या काही वस्तू पेट्रोलच्या वापरता येतात. दुसऱ्या तुकड्यातलं काहीही, अगदी पाइपाचा नटसुद्धा, पेट्रोल इंजिनाकडून येऊ शकत नाही. तिथे तसा भागच नसतो.

आता एकेक.

टाकी: चालेल. आतून गंज नसावा आणि झाकणाचं हवेचं भोक उघडं असावं. भोक बुजलेलं असलं की इंजिन अर्धा तास चालून दमतं आणि माणूस नोझल खोलत बसतो. माझ्याकडे अशी इंजिनं येतात. मी आधी टाकीचं झाकण सैल करून बघतो.

कॉक: चालेल. तुमचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला एक-सव्वा लिटर डिझेल पितं. तेवढं त्या बारीक भोकातूनही येतं. मात्र कॉकमधली जाळी साफ हवी.

फिल्टर: नाही. इथे माझा आणि तुमच्या फिटरचा वाद आहे. जनरेटरचा फिल्टर कार्बोरेटरच्या जेटची राखण करायला असतो. त्या जेटचं भोक डोळ्यांना दिसतं, त्यात अडकेल एवढा कण थांबवला की त्याचं काम संपलं. तुमच्या एफआयपीत प्लंजर (दट्ट्या) आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरा. म्हणजे पेट्रोलच्या फिल्टरमधून जे आरामात निसटतं तेच इथे एलिमेंट, म्हणजे ही प्लंजर-बॅरलची जोडी, घासून टाकतं. आधी इंजिन चालू व्हायला वेळ लावतं, मग धूर, मग लोड घेत नाही. शिवाय त्या फिल्टरला खाली पाणी साचायची वाटी नाही. डिझेलमध्ये पाणी आलं तर ते सरळ नोझलच्या टोकापर्यंत जातं.

तुमचा मूळ फिल्टर आहे ना जागेवर? तोच ठेवा, आतला कागद नवा घाला.

पाइप: कसला आहे त्यावर. फोटो टाका.


बंदरावर | मालीम

मास्तरांनी बरोबर सांगितलं. पाण्याबद्दल थोडं. आमच्या ट्रॉलरवर पहिला फिल्टर पारदर्शक वाटीचा, आणि सकाळी निघण्याआधी वाटीचा नट सैल करून पाणी काढायचं ही खलाशाची पहिली कामगिरी. जूनपासून जुलै संपेपर्यंत मासेमारी बंद, त्या काळात टाकी अर्धी रिकामी राहिली की पावसाळी हवेतलं पाणी आत साचतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुळबुळीत काळपट थर धरतो. जिवाणू-बुरशी वाढते ती. ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीला समुद्रात इंजिन बसलं तर नव्वद टक्के हेच. तुमच्या मांगरातल्या इंजिनाचंही पावसाळ्यात तेच होणार. टाकी भरून ठेवा, नाहीतर पूर्ण रिकामी करून सुकवा.


कुळागरवाला | सावई-वेरे

मास्तर, मूळ फिल्टर जागेवर आहे, नवा कागद उद्या फोंड्याहून आणतो. पाइप काळा रबरी, वर अक्षरं पुसलेली.

एक अडचण आत्ता लक्षात आली. इंजिनाच्या नोझलवरून एक बारीक नळी टाकीत परत येते. जनरेटरच्या टाकीला तसं तोंडच नाही. गावात वेल्डर आहे, तो म्हणतो भोक पाडून पितळेचं निपल ब्रेझ करून देतो, दहा मिनिटांचं काम. टाकी गेलं वर्षभर रिकामीच आहे, त्यामुळे अडचण नसावी.


जुना_यंत्री | कुठ्ठाळी

थांबा. वेल्डरला फोन करा आणि नको म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. द्रव पेट्रोल जळत नाही, वाफ जळते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ जास्त आणि हवा कमी. रिकाम्या टाकीत दोन्ही अगदी हवे तेवढे. आणि "वर्षभर रिकामी" याला अर्थ नाही. शिवणीत, कॉकच्या बुडाशी, डिंकासारख्या थरात पेट्रोल अडकून राहतं आणि गॅसची ज्योत लागली की तापून बाहेर येतं. मी खनिजाच्या बार्जींच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. तिथे कुठल्याही टाकीवर ज्योत लावण्याआधी वाफेने धुणं आणि गॅस तपासणं झाल्याचा कागद लागायचा, आणि त्या डिझेलच्या टाक्या होत्या. गावच्या वेल्डरकडे हे काही नसतं.

रिटर्नची नळी टाकीतच गेली पाहिजे असंही नाही. नोझलमधून गळणारं डिझेल थेंबाथेंबाने येतं. टाकीच्या झाकणाच्या बाजूला हाताच्या ड्रिलने, तेही टाकी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पाण्याने काठोकाठ भरून, भोक पाडायचं आणि रबरी ग्रोमेटमधून नळी आत सोडायची. विजेचा ड्रिल नको. त्याहून सोपं, झाकणच दुसरं घ्या आणि ते टाकीपासून दूर नेऊन त्यात भोक पाडा.

धुण्याचा दुसरा फायदाही आहे. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, किमान ३५ अंश असावा लागतो. पेट्रोल उणे ४० अंशालाही पेटण्याइतकी वाफ सोडतं. डिझेलमध्ये थोडंसं जरी पेट्रोल उरलं तरी मिश्रण पेट्रोलसारखं वागायला लागतं. मांगरात सुकलेल्या झावळ्या, नारळाची सोडणं आणि बाजूला तापलेलं सायलेन्सर, हे चित्र मला आवडत नाही.


अर्धवट_मेकॅनिक | म्हापसा

यंत्री काका, एवढं घाबरवू नका माणसाला. वेल्डिंग नको तर नको, मान्य. मग नवीनच टाकी करून घ्या की. म्हापशाच्या बाजारात पत्र्याचं काम करणारे जीआय पत्र्याची टाकी एका दिवसात करून देतात, गंजायचा प्रश्नच नाही.


जुना_यंत्री | कुठ्ठाळी

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. डिझेलमधली आम्लं, जुनं आणि ओलसर डिझेल असेल तर जास्तच, जस्ताशी भिडून साबणासारखा पदार्थ बनवतात. तो डिझेलमध्ये विरघळून फिल्टरपर्यंत जातो आणि तिथे चिकट लगदा होऊन बसतो, किंवा नोझलच्या टोकावर जळून थर धरतो. म्हणून डिझेलला जस्त लावलेली टाकी आणि जीआय पाइप वापरू नये हे इंजिनांच्या पुस्तकात पहिल्या काही पानांत असतं. साधा काळा पत्रा, आत काही न लावता, चालतो. स्टेनलेस परवडलं तर उत्तम. पेट्रोलला जस्त पूर्वी चालून जायचं, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तेही जस्ताला सोडत नाही.


वाळवंटीकाठची | साखळी

धागा वाचतेय. माझा प्रश्न उलट्या बाजूचा आहे. मुख्य प्रश्नावर सगळे पेट्रोलचा भाग डिझेलला लावण्याबद्दल बोलताहेत. भाच्याच्या जीपचं काय? डिझेल फिल्टर खरंच जास्त बारीक गाळत असेल तर पेट्रोलला तो जास्त चांगला नाही का?


नोझल_मास्तर | फोंडा

ताई, प्रश्न चांगला आहे. याचं उत्तर भाच्याने आवर्जून वाचावं.

बारीक गाळणी म्हणजे जास्त अडथळा. जुन्या कार्बोरेटरवाल्या जीपला इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप असतो, तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो आणि पुढे जेमतेम पाव बार दाब देतो. ओढण्याच्या बाजूला अडथळा वाढला की पाइपातला दाब उतरतो. पेट्रोलचे हलके भाग ३५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. मे महिन्यात बॉनेटखाली किती तापतं ते सांगायला नको. पाइपात वाफेचे बुडबुडे, पंप वाफ ओढत बसतो, चोर्ल्याच्या घाटात जीप उभी. डिझेलला हा त्रास नाही, ते दीडशे अंशांच्या पुढेच उकळतं, त्यामुळे त्याच्या फिल्टरचा आकार ठरवताना हा विचार कोणी केलेलाच नसतो.

आणि धुतलेला कागदी फिल्टर हा फिल्टरच नव्हे. कागद एकदा फुगला की भोकं मोठी होतात. बारीक गाळतो म्हणून लावायचा आणि धुऊन जाडा करायचा, यात फायदा कुणाचा?


जुना_यंत्री | कुठ्ठाळी

मास्तर, मुख्य कारण राहिलं. डिझेल फिल्टरच्या वाटीत पाव-अर्धा लिटर इंधन उभं असतं, बाहेरून रबरी रिंगा आणि खाली निचऱ्याचा नट. डिझेल गळलं तर मांगरात वास येतो आणि खाली तेलकट डाग पडतो, दुसऱ्या दिवशी नट आवळता येतो. पेट्रोल गळलं तर डागही दिसत नाही, सगळं वाफ होऊन जातं आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड वाफ खाली साचते. डिझेलच्या साध्या रबराच्या रिंगा इथेनॉलच्या पेट्रोलात फुगतात, सुकल्या की आक्रसतात. म्हणजे गळती होणार हे जवळपास ठरलेलं.

माझा हिशोब सरळ आहे. पेट्रोलचा भाग डिझेलवर चढवला तर बहुतेक वेळा इंजिनाचं नुकसान होतं. डिझेलचा भाग पेट्रोलवर चढवला तर माणसाचं. म्हणून पहिल्या प्रकारात मी विचार करतो, दुसऱ्यात करतच नाही.


बंदरावर | मालीम

काकांना दुजोरा. किनाऱ्यावरच्या होड्यांना बाहेरचं मोटर असतं, पेट्रोलवर किंवा पेट्रोलने चालू करून रॉकेलवर. ते उघड्यावर, वारा लागतो, वाफ उडून जाते. पण मध्यंतरी एकाने पर्यटकांच्या बोटीला पेट्रोल इंजिन आत, लाकडी झाकणाखाली बसवलं आणि अल्टरनेटर-स्टार्टर डिझेल ट्रकचे जुने लावले, स्वस्त पडतात म्हणून. ट्रकच्या अल्टरनेटरमध्ये ब्रशला ठिणग्या पडतात, डिझेलच्या खोलीत त्याने काही होत नाही. पेट्रोलच्या बोटीसाठी ठिणगी बाहेर न जाणारे, बंदिस्त भाग वेगळे मिळतात आणि इंजिन चालू करण्याआधी तळातली वाफ ओढून टाकणारा पंखा लावतात. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला समजावलं, शेवटी बदलले.


तेरेखोलपार | पेडणे

थोडं वेगळं मत. हे सगळं जुन्या इंजिनांना लागू. आजकालच्या पेट्रोल गाड्यांतही डायरेक्ट इंजेक्शन असतं, हाय प्रेशर पंप असतो, रेल (सगळ्या इंजेक्टरना दाबाखाली इंधन पुरवणारी एकच नळी) असते, इंजेक्टर सिलिंडरमध्येच फवारतो. कॉमन रेल डिझेलसारखंच की! मग भाग का अदलाबदल होऊ नयेत? मला वाटतं कंपन्या मुद्दाम मापं वेगळी ठेवतात.


जुना_यंत्री | कुठ्ठाळी

मापं वेगळी असण्याचं कारण कंपन्यांच्या हट्टापेक्षा खोल आहे. पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शनचा दाब २०० ते ३५० बार, कॉमन रेल डिझेलचा २००० बारपर्यंत आणि पुढेही. साधं, इनटेकच्या नळीत फवारणारं पेट्रोल इंजेक्शन तर तीन-चार बारवर चालतं. तो तीन-चार बारचा इंजेक्टर डिझेल सिलिंडरमध्ये लावलात तर कॉम्प्रेशनच्या शेवटी आतला दाबच त्याच्या दहापट असतो. इंधन आत जाण्याऐवजी गरम हवा इंजेक्टरमधून उलटी येईल.

पण खरी गोम वंगणाची. डिझेल स्वतः तेलकट, ते पंपाच्या प्लंजरला वंगण घालत जातं. पेट्रोल वंगण धुऊन टाकतं. हे दुखणं फार जुनं आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेलचा लाइन पंप (प्लंजर एका रांगेत असलेला) मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, त्यामुळेच डिझेल इंजिन ट्रकमध्ये मावलं. पुढे त्याच घराण्यातला यांत्रिक पंप १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या पेट्रोल मोटारीला लावला. पंपाला वंगण मात्र इंजिन ऑइलचं द्यावं लागलं. तरी इग्निशन बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल फवारतच राहायचा, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरायचं. जगातल्या उत्तम कारखान्याने जाणूनबुजून केलेली अदलाबदल होती ती, आणि तरीही ही किंमत.

उलट्या दिशेचं उदाहरण अमेरिकेतलं. जनरल मोटर्सने १९७८ च्या ओल्ड्समोबिल मोटारींना ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल दिलं, पेट्रोल इंजिनाच्याच मापांवर, म्हणजे त्याच यंत्रांवर तयार करता येईल. ब्लॉक जाड केला, पण हेडचे बोल्ट पेट्रोल इंजिनाच्याच मांडणीने आणि तेवढेच. कॉम्प्रेशन २२.५ला १. बोल्ट ताणले जायचे, गॅस्केट जायचं. वर इंधनाच्या वाटेवर पाणी वेगळं करणारी वाटी दिलीच नाही, त्यामुळे पंप आणि नोझल गंजून जायचे. १९८५ मध्ये ते बंद झालं, आणि तोवर अमेरिकेत मोटारीतल्या डिझेलचं नाव खराब होऊन गेलं होतं.

मालीमच्या खलाशाच्या त्या पारदर्शक वाटीची किंमत यावरून समजा.


तेरेखोलपार | पेडणे

वंगणाचा मुद्दा माहीत नव्हता. मग डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं तर याच कारणाने पंप जातो?


नोझल_मास्तर | फोंडा

हो. आणि तेच जास्त वेळा होतं, कारण पेट्रोलची नळी साधारण २१ मिलिमीटर, डिझेलची २४ च्या आसपास. पेट्रोलची डिझेलच्या तोंडात सहज शिरते, उलट शिरत नाही. भाड्याच्या गाड्यांत फार होतं हे, घेणाऱ्याला गाडी कशावर चालते तेच ठाऊक नसतं. लक्षात आलं तर चावीसुद्धा फिरवू नका. बऱ्याच गाड्यांत चावी फिरवताच टाकीतला पंप सुरू होतो आणि पेट्रोल पुढे जातं. गाडी ढकलून बाजूला, टाकी रिकामी, फिल्टर नवा, तेवढ्यात निभावतं. चालवून आणलीत तर पंप, रेल, इंजेक्टर सगळ्यात धातूचा चुरा. मग बिल बघून लोक माझ्याकडेच रागाने बघतात!


कुळागरवाला | सावई-वेरे

सगळ्यांचे आभार. वेल्डरला नको म्हणून सांगितलं. टाकी साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली, कॉक उघडून जाळी साफ केली. झाकण दुसरं आणून त्यातून रिटर्नची नळी घेतली, हवेचं भोक वेगळं ठेवलं. मूळ फिल्टरमध्ये नवा कागद. जनरेटरचा पाइप वाकवला तर बारीक भेगा दिसल्या, तो टाकून दिला, डिझेलचा नवा आणला. थोडक्यात, जनरेटरची टाकी आणि कॉक एवढंच वापरलं.

इंजिन चालू होतं पण दोन मिनिटांत हंटिंग करून, म्हणजे वेग वर-खाली होत, बंद पडतं. फिटर म्हणतो एफआयपी गेला.


नोझल_मास्तर | फोंडा

एफआयपी तसा एका दिवसात जात नाही. हवा धरलीय. टाकी बदलली, फिल्टर खोलला, पाइप नवा, हवा येणारच.

कॉक उघडा. फिल्टरच्या वरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे जाऊन अखंड डिझेल यायला लागलं की आवळा. मग एफआयपीवरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलजवळचा पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करून हँडल मारा, तिथून डिझेल उडायला लागलं की घट्ट करा. हात त्या धारेसमोर धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं. एवढं करूनही बंद पडलं तर नव्या पाइपाच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बघा. जनरेटरच्या कॉकचं निपल बहुतेक बारीक असणार आणि तुमचा डिझेल पाइप त्यावर सैल बसला असणार. तिथून हवा आत जाऊ शकते.


कुळागरवाला | सावई-वेरे

निपलच होतं. एक माप लहान पाइप आणला, क्लिपा नव्या, हवा काढली. सकाळपासून चालू आहे, वरच्या खाचरापर्यंत पाणी पोचलं. टाकीवर लाल रंगाने "डिझेल" लिहिलंय, कारण घरात ती अजून जनरेटरची म्हणूनच ओळखली जाते.

भाच्याने जीपचा बेत सोडला. म्हणजे मला तसं सांगितलं तरी.


वाळवंटीकाठची | साखळी

छान झालं. जाता जाता माझं एक: गवत कापायच्या मशीनचा पेट्रोल पाइप दर वर्षी कडक होऊन तुटतो. दुकानदार डिझेलचा जाड पाइप घ्या म्हणतो, जास्त टिकेल म्हणून. वरचं वाचून नको वाटतंय.


जुना_यंत्री | कुठ्ठाळी

नकोच. जाड असण्याने काही होत नाही, रबर कुठलं ते महत्त्वाचं. इथेनॉल चालतं असं ज्यावर छापलेलं आहे तोच पेट्रोल पाइप घ्या. आणि पावसाळा संपून मशीन ठेवताना टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालवा. पाइप तुटतो तो बहुतेक त्या महिन्यांत, मशीन टांगलेलं असताना.